बाबांसाठी घ्यायची टपालगाडी

पत्रातला प्रश्न, थोडक्यात: अमेरिकेत ओहायो राज्यात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या वडिलांनी मुंबईत टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमध्ये ३१ वर्षं लाल गाडी चालवली. गेल्या खेपेला बाबा त्यांच्याकडे आले, तेव्हा रोज दुपारी टपालाची गाडी यायच्या वेळेला खिडकीत जाऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "हिचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे आहे की गं." येत्या जूनमध्ये ते पुन्हा येणार आहेत आणि त्याच महिन्यात त्यांना ७५ पूर्ण होतील. ताईंना शेजारच्या राज्यातली एक जाहिरात सापडली आहे: १९९१ ची निवृत्त टपालगाडी, फक्त ६८ हजार मैल चाललेली, किंमत ७,५०० डॉलर, विसार म्हणून १,००० डॉलर लगेच पाठवायचे. नवरा म्हणतो, हा वेडेपणा आहे. ताईंचं म्हणणं, गाडी घरच्या कामाला येईल, मंडळाचे ढोल-ताशे न्यायला येईल आणि मुलांना आजोबांचं काम कळेल. "नवऱ्याला न सांगता घेऊन टाकू का? एकदा दारात उभी राहिली की त्यालाही पटेल," असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

सगळ्यात निकडीचं आधी सांगते. ते १,००० डॉलर पाठवू नका. गाडीच्या मालकीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत एक डॉलरसुद्धा नाही. विकणारा घाई करत असेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणत असेल, तर म्हणू दे. बाकीचं आपण सावकाश बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या खिडकीपाशी थांबले. मी स्वतः ११ वर्षं न्यू जर्सीत काढली आहेत. आमच्याही दारात हीच पांढरी, चौकोनी डब्यासारखी गाडी यायची. तिचा तो विशिष्ट घरघराट कानावर आला की शेजारची आजी चपला घालायची. त्यामुळे तुम्हाला ही गाडी का हवीशी वाटते, हे मला समजावून सांगायची गरज नाही. मी तुम्हाला वेडी म्हणणार नाही. पण पत्रात काही गोष्टी तुम्ही धरून चालला आहात, त्या एकेक करून तपासून बघू या.

साल आणि वर्णन बघता ही ग्रमनची 'लाँग लाइफ व्हेइकल' असणार. तिकडे तिला सगळे एलएलव्ही म्हणतात. नावातच दीर्घायुष्य आहे. १९८७ ते १९९४ या काळात अशा १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या अमेरिकन टपाल खात्यासाठी बनल्या. आयुष्य २४ वर्षांचं धरलं होतं, आणि त्यातल्या कितीतरी ३० वर्षांच्या पुढे जाऊनही रस्त्यावर आहेत. ग्रमन ही मूळची विमानं बनवणारी कंपनी. चंद्रावर माणसं उतरवणारं अपोलोचं यानही तिनंच बांधलं होतं. म्हणून या गाडीचं अंग विमानासारखं ॲल्युमिनिअमचं आहे आणि त्याला गंज लागत नाही. हे तुमच्या बाबांना जरूर सांगा, त्यांना आवडेल. पण अंगाखालची चासी पोलादी आहे, शेव्हरोलेच्या एस-टेन या छोट्या पिकअपवरून घेतलेली. तिला गंज लागतो, आणि तुमच्याकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं भरपूर लागतो. वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली, अशी ही गाडी असू शकते. फोटोत नेमकं वरचंच दिसतं.

आता तुमचं पहिलं गृहीतक. तुम्ही लिहिता, "खात्यातून निवृत्त झालेली आहे, म्हणजे विकायलाच काढली असणार." आपल्या मनात सरकारी लिलावाचं चित्र असतं: जुन्या जीप, ॲम्बॅसेडर ओळीनं उभ्या आणि बोली चालू. अमेरिकेतही पूर्वी तसं होतं. एलएलव्हीच्या आधी टपालासाठी ज्या छोट्या जीप होत्या, डीजे-५ नावाच्या, त्या निवृत्त झाल्यावर सर्रास लोकांना विकल्या गेल्या, आणि आजही हौशी लोकांकडे सापडतात. एलएलव्हीचं तसं झालं नाही. खातं या गाड्या सहसा बाहेर विकत नाही. सुटे भाग काढून घेतं, ते उरलेल्या गाड्यांना लावतं आणि सांगाडा भंगारात देतं. क्वचित एखादी बाहेर आलेली असू शकते, मी नाही म्हणत नाही. पण म्हणूनच जाहिरातीतली गाडी पाहिल्यावर पहिला प्रश्न किमतीचा येत नाही, "ही बाहेर आली कशी?" हा येतो.

या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळायला हवं. टपाल खात्याच्या गाड्यांना राज्याची नंबरप्लेट नसते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. त्यांच्यावर खात्याचा स्वतःचा क्रमांक रंगवलेला असतो. म्हणजे अशी गाडी खासगी हातात जाते तेव्हा तिचं पहिलंवहिलं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बनावं लागतं, आणि त्यासाठी गाडी रीतसर विकल्याचा सरकारी दाखला लागतो. तो दाखला कोणाच्या नावे होता, त्यानंतर टायटल कोणाच्या नावे झालं आणि आज विकणारा तोच माणूस आहे का, ही साखळी कुठेही तुटलेली नको. ओहायोत टायटल काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल कचेरीत बनतं आणि प्लेट मोटार ब्युरोच्या कचेरीत मिळते. गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर तिच्या ओळखक्रमांकाची, म्हणजे व्हिनची, तपासणीही करून घ्यावी लागते. तेव्हा विकणाऱ्याकडून टायटलचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि डॅशबोर्डवरच्या व्हिनचा फोटो मागवा. ते घेऊन तुमच्या काउंटीच्या टायटल कचेरीत जा आणि सरळ विचारा, "या कागदावर माझ्या नावानं टायटल होईल का?" तिथले लोक "हो" म्हणाले तर पुढे. विकणारा "फक्त बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती आहे, टायटल नंतर करून घ्या" म्हणाला, तर तिथेच थांबा. सरकारी मालमत्ता चुकीच्या वाटेनं बाहेर आलेली असेल, तर ती परत जाते आणि तुमचे पैसे परत येत नाहीत. शंका वाटली तर टपाल खात्याची पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस आहे, तिला विचारायला संकोच करू नका.

हे मी इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण यात मी स्वतः होरपळले आहे. आम्ही दोघा भावंडांनी एकदा हौसेनं जुनी व्हॅन घेतली होती. कागदावर आणि चासीवर एका आकड्याचा फरक होता. पाच महिने ती गाडी भावाच्या दारात ताडपत्रीखाली उभी होती आणि आम्ही एकमेकांशी नीट बोलत नव्हतो.

आणखी एक शक्यता आहे. ग्रमननं पाववाल्यांसाठी, लाँड्रीवाल्यांसाठी तशाच चौकोनी ॲल्युमिनिअमच्या मोठ्या व्हॅनही बनवल्या. त्या बाजारात मोकळेपणानं मिळतात, आणि विकणारे त्यांना बिनदिक्कत 'मेल ट्रक' म्हणतात. खोटं बोलायचं म्हणूनच म्हणतात असं नाही, त्यांना खरंच तसं वाटत असतं. खरी एलएलव्ही लहान असते. स्टिअरिंग उजवीकडे, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, मागे दुकानासारखं वर गुंडाळलं जाणारं शटर. यातलं एक जरी नसेल तर ती तुमच्या बाबांनी खिडकीतून पाहिलेली गाडी नाही.

आता त्या ६८ हजार मैलांकडे येऊ. "इतकी कमी चाललेली गाडी ३४ वर्षांत कुठे मिळते?" असं तुम्ही लिहिलंत. ताई, याचं उत्तर तुमच्या बाबांना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं देतील. टपालाची गाडी मैल फार चालत नाही. ती थांबते. एका बटवड्यात घरोघरच्या शेकडो टपालपेट्या. प्रत्येक पेटीपाशी ब्रेक, मग पुन्हा ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक, आणि हे आठवड्याचे सहा दिवस. उन्हात आणि बर्फात इंजिन तासन्‌तास चालू राहतं आणि मीटर जागचा हलत नाही. म्हणून अशा गाडीचं वय मीटरवर बघायचं नसतं. ब्रेक, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांचे बुश, दरवाजांच्या सरकपट्ट्या यांच्यावर बघायचं असतं. इंजिनाचं त्यातल्या त्यात बरं आहे. साधं चार सिलिंडरचं जनरल मोटर्सचं इंजिन आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक. एस-टेन पिकअपचे भाग चालतात, त्यामुळे पार्टसच्या दुकानात बऱ्याच वस्तू मिळतील. पण समोरची ती मोठी काच, दरवाजे आणि अंगाचे पत्रे फक्त टपाल खात्यासाठीच बनले, ते बाजारात सहज मिळत नाहीत. काच फुटली की गाडी उभी.

पेट्रोल बटवड्याच्या वापरात गॅलनला साधारण १० मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ४ किलोमीटर. वातानुकूलन नाही, डॅशबोर्डवर एक छोटा पंखा. ओहायोच्या जुलैत त्या काचेच्या आणि ॲल्युमिनिअमच्या डब्यात ७५ वर्षांचा माणूस. एअरबॅग नाहीत, अँटिलॉक ब्रेक नाहीत. ओढ मागच्या चाकांना, आणि पुढची दोन चाकं मागच्या दोघांपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ बसवलेली. गल्लीत वळायला ते फार छान, पण बर्फात मागची चाकं पुढच्यांनी पाडलेल्या चाकोरीत बसत नाहीत. महामार्गासाठी ती बांधलेलीच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत या जातीच्या शेकडो गाड्यांना आगी लागल्याच्या नोंदी आहेत. प्रत्येकीचं कारण वेगळं, पण पिकलेल्या वायरी आणि इंधनाच्या जुन्या नळ्या असलेली गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ठेवायची का, हा प्रश्न तुमच्या नवऱ्यानं विचारला तर त्यात त्याचं काही चुकणार नाही.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. तुम्ही लिहिलंत, "बाबांना शेजारी बसवून वसाहतीतून एक फेरी मारायची, मुलं मागे, एवढंच माझं स्वप्न आहे."

ताई, एलएलव्हीत शेजारची सीट नसते.

कारखान्यातून निघताना तिच्यात एकच सीट असते, चालकाची. डावीकडे, जिथे आपण माणूस बसेल असं धरून चालतो, तिथे टपालाचा ट्रे असतो. पत्रांच्या थप्प्या हाताशी राहाव्यात म्हणून. मागे नुसता मोकळा डबा. तुम्ही चालवलीत तर बाबांना जागा नाही, बाबांनी चालवली तर तुम्हाला नाही, आणि मुलांना तर कधीच नाही. खालच्या पत्र्यावर पाट टाकून बसवायचं हे आपल्याकडे चाललं असतं, तिथे चालणार नाही आणि चालू नये. दुसरी सीट बसवता येते, पण पट्ट्याचे आधार चासीला धरून नीट बसवणारा जाणता कारागीर हवा, आणि तसं काम केल्याचं विमा कंपनीलाही कळवायला हवं. मुलांसाठी मागे सीटा बसवायचा विचार तर सोडूनच द्या.

हे वाचून तुमचा हिरमोड होईल, मला कल्पना आहे. पण एका माणसासाठी बांधलेली ही गाडी आहे, आणि तुमचं स्वप्न चार माणसांचं आहे. हे गाडी दारात आल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता बाबांबद्दल थोडं. तुम्ही धरून चालला आहात की खिडकीत उभे असताना ते गाडीकडे बघत होते. असतीलही. पण त्यांची गाडी लाल होती, ही पांढरी. त्यांनी रात्रीबेरात्री टपालाचे थैले पोस्टातून आरएमएसला, म्हणजे रेल्वेनं टपाल नेणाऱ्या शाखेला, पोचवले, स्टेशनवरून उचलून पुन्हा पोस्टात आणले. दारोदार बटवडा करणं हे त्यांचं काम नव्हतं, ते पोस्टमनचं होतं. मग रोज ठरलेल्या वेळी खिडकीत उभं राहून ते काय बघत असतील? मला वाटतं, माणूस बघत असतील. वेळेवर येणारा, आपल्याच खात्यातला एक माणूस. परक्या देशात, जिथे दिवसभर घरात कोणी नसतं, तिथे ओळखीचं काम करणारा दुसरा माणूस दिसला की जीव रमतो. माझी ही अटकळ चुकीचीही असेल. पण तुम्ही पत्रात बाबांचं एकच वाक्य लिहिलं आहे, आणि त्या एका वाक्यावर ७,५०० डॉलर उभे केले आहेत. आणखी चार वाक्यं मिळवा. पुढच्या रविवारी फोनवर गाडीचं नाव न काढता विचारा: "बाबा, तुमची ड्युटी कुठून कुठपर्यंत असायची? शेवटच्या दिवशी गाडीची किल्ली कोणाकडे दिलीत?" काही चालकांना गाडीचा लळा असतो. काहींना ३१ वर्षं पाठ आणि गुडघे गेल्याचीच आठवण असते आणि स्टिअरिंग पुन्हा नकोच असतं. तुमचे बाबा यातले कोणते, हे माहीत नसताना दिलेली भेट त्यांना हसून स्वीकारावी लागेल. त्यांच्या पिढीतली माणसं मुलीचं मन मोडत नाहीत.

ढोल-ताशांचं म्हणाल तर, मंडळासाठी ही गाडी घ्यायची असा हिशेब मनातून काढून टाका. टपालाच्या वापरात तिची भारक्षमता १,००० पौंडांची, म्हणजे साधारण ४५० किलोंची धरली होती. वजनाला ते पुरेल, पण ढोल वजनापेक्षा जागा जास्त खातात. सरावाची जागा महामार्गापलीकडे असेल तर पंचाईत. वर्षातून चार-पाच वेळा भाड्याची मालवाहू व्हॅन घेतलीत, तर विमा आणि दुरुस्ती दोन्ही दुसऱ्याच्या डोक्यावर. ओहायोत २५ वर्षांहून जुन्या गाडीला 'हिस्टॉरिकल' प्लेट मिळते, ती स्वस्त पडते. पण ती प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम अशांसाठी असते, रोजच्या वाहतुकीसाठी नाही. बाप्पाच्या मिरवणुकीत ती शोभेल, सामान आणायला मात्र त्या प्लेटवर जाता येणार नाही. साधी प्लेट घेतलीत तर नेहमीची विमा कंपनी अशी गाडी घेईलच असं नाही, म्हणून विम्याचा आकडा गाडी बघायला जायच्या आधी हातात घ्या. वसाहतीच्या नियमांची वहीही उघडा. कित्येक ठिकाणी मालवाहू दिसणारी गाडी दारात उभी करायला मनाई असते.

खात्याचं गरुडाचं चिन्ह आणि लाल-निळ्या पट्ट्या खासगी गाडीवर ठेवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ती चिन्हं खात्याच्या मालकीची आहेत. म्हणजे दारात येईल तो एक कोरा पांढरा डबा.

मग काय करता येईल? मला तीन-चार वाटा दिसतात, आणि त्यातली एक मला मनापासून आवडते. ती शेवटी सांगते.

तुम्हाला उजव्या हाताचं स्टिअरिंग, शेजारी बसलेले बाबा आणि मागे मुलं, हे सगळं खरंच हवं असेल, तर अमेरिकेतल्या ग्रामीण पोस्टमनच्या गाड्या शोधा. खेड्यापाड्यांतले बरेच बटवडेवाले स्वतःची गाडी वापरतात, आणि त्यांच्यासाठी जीप कंपनीनं उजव्या स्टिअरिंगच्या रँग्लर आणि चेरोकी कारखान्यातूनच बनवल्या. सुबारूच्याही काही स्टेशन वॅगन तशा आल्या. या गाड्यांना नेहमीसारखं टायटल असतं, सीटा असतात, पट्टे असतात. पोस्टमन निवृत्त झाला की त्या विकायला येतात. त्याही थांबून-थांबून झिजलेल्या असतात, तेव्हा ब्रेक आणि गिअरबॉक्स तपासल्याशिवाय घेऊ नका. पण निवृत्त टपालगाडी घ्यायचीच असेल, तर घरच्या वापरासाठी मला ही जात सगळ्यात शहाणपणाची वाटते.

लाल रंग हवा असेल तर जपानकडे बघता येतं. तिथल्या टपालगाड्या लाल असतात, छोट्या, आपल्या मारुती व्हॅनच्या भावंडांसारख्या. मारुती व्हॅन मुळात सुझुकीच्या कॅरीवरूनच आली, त्यामुळे बाबांना ती ओळखीची वाटेल. २५ वर्षांहून जुनी परदेशी गाडी अमेरिकेत आणता येते. पण या इवल्याशा गाड्यांच्या नोंदणीला काही राज्यांनी आडकाठी केली आहे, म्हणून आधी ओहायोच्या मोटार ब्युरोला विचारा. त्याही महामार्गाला योग्य नाहीतच.

एलएलव्हीच हवी, आणि कागद स्वच्छ निघाला, तर तिच्याकडे वाहन म्हणून बघू नका, हौस म्हणून बघा. एक माणूस, वसाहतीतले मंद वेगाचे रस्ते, वर्षातून थोडे दिवस, आणि घरापासून वेगळी उभी करायची जागा. बघायला जाताना स्वतःचा मेकॅनिक न्या. गाडी वर उचलून चासी हातोडीनं ठोकून बघायला लावा, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग पूर्ण बदलायचा खर्च विचारा. तो खर्च ७,५०० मध्ये मिळवल्यावर जो आकडा येईल ती गाडीची खरी किंमत, आणि नवऱ्यासमोर ठेवायची तीच.

हो, नवऱ्यासमोर. तुम्ही विचारलंत, न सांगता घेऊ का. नको. तो "वेडेपणा" म्हणाला ते गाडीला म्हणाला. तुम्ही न सांगता घेतलीत तर वाद गाडीचा राहणार नाही. पत्रात तुम्ही त्याला ढोल-ताशांचं, फर्निचरचं, घरकामाचं कारण सांगितल्याचं लिहिलं आहे, आणि खरं कारण, खिडकीतल्या बाबांचं, मला सांगितलं आहे. त्याला ते सांगितलंय का? मला पत्रात तसं कुठे दिसलं नाही. उपयोगाची कारणं दिली की समोरचा माणूस उपयोगाचाच हिशेब करतो, आणि त्या हिशेबात ही गाडी नापास होणारच. खरं कारण सांगितलंत तर कदाचित तोही तुमच्याबरोबर वाट शोधायला बसेल. हे मी फक्त तुम्हाला सांगत नाही. जुनी बुलेट, गावाकडचा ट्रॅक्टर, आजोबांची पद्मिनी, यांसाठी येणाऱ्या पत्रांत हा घोळ मी नेहमी बघते. हौस असते, आणि माणसं लाजून तिला सोय म्हणतात.

आता मला आवडणारी वाट. जूनमध्ये बाबा आले की त्यांना वॉशिंग्टनला घेऊन जा. युनियन स्टेशनला लागून, जुन्या पोस्टाच्याच इमारतीत, १९९३ पासून राष्ट्रीय टपाल संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. छताला टपालाची विमानं टांगलेली आहेत, खाली टपालाची घोडागाडी आहे, १९३१ चा फोर्डचा टपालट्रक आहे. आणि रेल्वेचा टपालडबा आहे. अमेरिकेतही रेल्वे मेल सर्व्हिस होती, धावत्या गाडीत उभं राहून पत्रं वेगळी करणारी माणसं होती. १९७७ च्या जूनअखेर न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनदरम्यान तशी शेवटची गाडी धावली. आपल्याकडे आरएमएसची लाल पाटी अजून स्टेशनांवर दिसते. ज्या माणसानं ३१ वर्षं आरएमएसच्या फलाटावर थैले उतरवले, तो त्या डब्यापाशी नुसता उभा राहणार नाही, बोलायला लागेल. तिथे ओनी नावाच्या कुत्र्यालाही भुसा भरून जपून ठेवलं आहे. टपालाच्या रेल्वेतून तो देशभर फिरला आणि जिथे जाई तिथले कर्मचारी त्याच्या पट्ट्याला बिल्ला लावत. मुलांना तो आवडेल. मुलांना आजोबांचं काम कळावं असं तुम्ही लिहिलंत ना, ते इथे कळेल, आजोबांच्या तोंडून. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा.

आणि तुमच्या दारात येणारा तो पोस्टमन, किंवा पोस्टवुमन. त्या व्यक्तीला बाबा येण्याआधी एकदा गाठा आणि सांगा, "माझे वडील भारतात टपालाची गाडी चालवायचे, ते जूनमध्ये येताहेत." गाडीत बसवायची परवानगी त्यांना नसते, तेवढं मागू नका. पण दोन मिनिटं बोलायला, हात मिळवायला कोणी नाही म्हणणार नाही. गाडीच्या उघड्या दारातून बाबांना ट्रे दिसेल, थप्प्या दिसतील, उजवीकडचं स्टिअरिंग जवळून दिसेल. जमलं तर एक फोटो. त्या व्यक्तीला विचारा, तुमच्या भागात नवीन गाड्या कधी येताहेत. ऑशकॉश कंपनीच्या नव्या टपालगाड्या २०२४ पासून रस्त्यावर यायला लागल्या आहेत, बुटकं नाक आणि उंच काचेच्या. त्यांना वातानुकूलन आहे, एअरबॅग आहेत, आणि स्टिअरिंग उजवीकडेच आहे. बाबांना त्यावर बोलायला पुष्कळ असेल.

हे सगळं केल्यावरही गाडी हवीच आहे असं तुम्हाला आणि बाबांना वाटलं, तर सप्टेंबरमध्ये पुन्हा लिहा. तेव्हा हिवाळा तोंडावर असतो आणि हौसेच्या गाड्या विकायला काढणारे किमतीला नरम असतात. तोवर जाहिरातवाल्यानं टायटलचे फोटो पाठवलेच, तर नावं झाकून मला पाठवा. साखळी कुठे तुटते आहे का, ते बघून लगेच कळवते.